वाचनाची पावती

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत शाळांना उन्हाळ्याची जी सुटी मिळते ती चांगली दहा-अकरा आठवड्यांची असते. ही सुटी लागण्यापूर्वीं तेथील अनेक शाळांतून इंग्रजीचे शिक्षक वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हातीं एक यादी देतात. अमुक दोन किंवा तीन पुस्तकें वाचावयाचीं, वाचतांना टिपणें करावयाचीं, एखादा निबंध लिहावयाचा, आणि शाळा उघडतांच तें सर्व लेखन शिक्षकांच्या स्वाधीन करावयाचें, असा हा परिपाठ आहे. स्टाइनबेक, हार्पर ली, ऑर्वेल, हक्स्ले, झोरा नील हर्स्टन हीं नांवें या याद्यांतून वारंवार आढळतात. आमचे जे स्वजन त्या देशांत स्थायिक झाले आहेत त्यांचीं मुलें जून-जुलैमध्यें आजोळीं येतात, तेव्हां पुस्तक आणि वही हीं दोन्ही त्यांच्या सामानांत असतात. पुस्तकाचीं कांहीं पानें उलटलेलीं, वही बहुधा कोरी. ती वही पाहून आमच्या मनांत जो प्रश्न आला तो शिक्षणशास्त्राचा कमी आणि नीतिशास्त्राचा अधिक आहे, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

सुटी कोणाची, हा वाद प्रथम उभा राहतो. तो न्यायालयांतही गेला आहे. २००५ सालीं विस्कॉन्सिन राज्यांत एका विद्यार्थ्याचा व त्याच्या वडिलांचा सुटींतील गृहपाठाविरुद्ध दावा चालला. तो गृहपाठ गणिताचा होता, परंतु मुद्दा सर्व विषयांना सारखाच लागू पडणारा होता: कायद्यानें शाळेचे १८० दिवस सांगितले आहेत, त्यांपलीकडे मुलाच्या वेळावर शाळेची सत्ता कशी चालेल? न्यायालयानें दावा फेटाळला, आणि २००६ सालीं वरच्या न्यायालयानेंही तोच निर्णय कायम केला. आमच्या मतें तो योग्यच झाला. वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम जो आपण होऊन पत्करतो त्यानें त्याचें ओझेंही पत्करावें, यांत अन्याय नाहीं. शिवाय शिक्षकाची अडचणही खरी आहे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या महाविद्यालयीन दर्जाच्या अभ्यासक्रमाची परीक्षा साऱ्या देशांत मे महिन्यांत होते. ज्या गांवची शाळा सप्टेंबरांत उघडते तेथील शिक्षकाला, ऑगस्टांत शाळा उघडणाऱ्या गांवापेक्षां, तयारीचे दिवस कमी मिळतात. त्यानें उन्हाळ्याकडे हात पसरला तर त्याला दोष कोण देईल?

तेव्हां वाचावयास सांगण्याचा हक्क आम्ही शाळेस देऊन टाकतों. पण वाचून काय वाटलें तें मोजून घेण्याचा हक्क ही निराळी गोष्ट आहे.

या वहीचें पान पुष्कळदां मधोमध उभ्या रेघेनें दुभंगलेलें असतें. डाव्या बाजूस पुस्तकांतील एखादें वाक्य पृष्ठांकासह उतरावयाचें, उजव्या बाजूस त्या वाक्यानें आपल्या मनांत काय उमटलें तें लिहावयाचें. अशा नोंदी किती हव्यात हेंही ठरलेलें असतें. कोठें प्रत्येक प्रकरणास दोन, कोठें पुस्तकास वीस. मूळ कल्पना वाईट नाहीं. ज्याला ग्रंथाशीं खरोखर भांडावयाचें आहे त्याला अशी वही मोठी उपयोगी. आपल्यांपैकीं कित्येकांनीं समासांत पेन्सिलीनें हेंच केलें आहे. पण समासांतील नोंद कोणी मोजीत नाहीं. मोजणी सुरू झाली कीं नोंदीचा धर्म पालटतो. ती वाचनाची पावती होते.

समजा, सोळा वर्षांची एक मुलगी रात्रीं अंथरुणावर पडून स्टाइनबेकची १९३९ सालची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी वाचीत आहे. ओक्लाहोमांतील जोड कुटुंब जमिनीवरून हुसकलें जाऊन जुन्या मोटारींतून पश्चिमेकडे निघालें आहे; वाटेंत म्हातारा आजा मरतो, आणि त्याला रस्त्याच्या कडेला पुरून मंडळी पुढें जातात. या ठिकाणीं वाचणाराला जें कांहीं होतें तें रकान्यांत मावणारें नसतें. मुलगी एक तर वाचीत राहील, नाहीं तर पुस्तक छातीवर पालथें घालून आढ्याकडे पाहील. परंतु तिची सतरावी नोंद अजून व्हावयाची आहे. ती उठते, लेखणी शोधते, एक वाक्य उतरून घेते, आणि त्यापुढें लिहिते कीं येथें लेखकानें मृत्यूचा प्रतीक म्हणून उपयोग केला आहे.

आतां एखादा मुलगा घ्या. त्याला त्या मरणाचें कांहींच वाटलें नाहीं. सोळाव्या वर्षीं म्हाताऱ्याच्या मरणाचें कांहीं न वाटणें हा अपराध नव्हे. कित्येकांना तें चाळिशीनंतर वाटूं लागतें. त्यानें उजव्या रकान्यांत ‘मला कांहीं वाटलें नाहीं’ असें लिहिलें तर तें त्या वहींतील सर्वांत खरें वाक्य ठरेल, पण त्याला गुण पडण्याची आशा थोडी. हें मुलें फार लौकर ओळखतात. मग तो लिहितो कीं या प्रसंगानें मी हेलावून गेलों. आमचें गाऱ्हाणें आहे तें येथें. गृहपाठ चुकविला तर तो आळस झाला. आळस कालांतरानें जातो. पण न झालेल्या भावनेचा दाखला लिहून द्यावा आणि त्याबद्दल शाबासकी मिळावी, याचा संस्कार सहजासहजीं पुसत नाहीं. आपल्या स्वतःच्या मनाविषयीं खोटी साक्ष देण्याचा हा पहिला धडा, आणि तो मुलाला साहित्याच्या वर्गांत मिळतो! शिक्षकाचा तसा हेतु मुळींच नसतो, हें कबूल. पण हेतु नसतांना दिलेलें शिक्षणही शिक्षणच असतें.

(जातां जातां एक गोष्ट. थॉमस फॉस्टर यांचें ‘हाउ टु रीड लिटरेचर लाइक अ प्रोफेसर’ हें २००३ सालचें पुस्तक या उन्हाळी याद्यांत हमखास असतें. कथेंतील प्रवास, जेवण, पाऊस, बर्फ यांचे अर्थ कसे लावावे तें त्यांत मोठ्या खेळकरपणें सांगितलें आहे. पुस्तक चांगलें आहे. तें वाचल्यावर पुढच्या कादंबरींत पाऊस आला रे आला कीं मुलें लेखणी उचलतात, त्याला बिचारे फॉस्टर काय करणार?)

पावती मागितली कीं खोट्या पावत्यांचा बाजार भरतो. अमेरिकेंत हा बाजार जुना आहे. १९५८ सालीं नेब्रास्का राज्यांत क्लिफ्टन हिलेगास यांनीं शेक्सपिअरच्या सोळा नाटकांवरील टिपणांच्या पुस्तिका काढल्या. ‘क्लिफ्सनोट्स’ या नांवानें त्या पुढें घरोघर पोंचल्या. १९९९ सालीं ‘स्पार्कनोट्स’ आलें, तेव्हां पुस्तिका विकत घेण्याचेंही कारण उरलें नाहीं. यावर आपण हंसण्यासारखें कांहीं नाहीं; आपल्याकडील मार्गदर्शकांचे आणि अपेक्षित प्रश्नांच्या संचांचे ढीग काय कमी आहेत? पण या टिपणांनाही एक मर्यादा होती. कथानक तयार मिळे, पात्रांचे स्वभाव तयार मिळत. ‘मला काय वाटलें’ हें मात्र मुलाला स्वतः जुळवावें लागे. नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘चॅटजीपीटी’ प्रसिद्ध झालें आणि तीही मर्यादा गेली. आतां आज्ञा केली कीं यंत्र वीस वाक्यें निवडून देतें आणि प्रत्येकापुढें एका सोळा वर्षांच्या मुलाला काय वाटलें असेल तेंही लिहून देतें. यावर शिक्षकवर्गांत मोठी हळहळ चालली आहे. आम्हांला ती पटते, पण तिच्यापूर्वीं दुसरा विचार मनांत येतो. ज्याला मन नाहीं अशा यंत्रालाही जें उत्तर बिनचूक देतां येतें, तें उत्तर आपण इतकीं वर्षें मुलांच्या मनाचा पुरावा म्हणून कसें घेत होतों?

यावर कोणी म्हणेल, मग सुटींतील वाचन बंदच करावें. तसें म्हणणाऱ्यांनीं दुसरी बाजू पाहिलेली नसते. बार्बरा हेन्स यांनीं अटलांटा येथील मुलांचा अभ्यास करून १९७८ सालीं जो ग्रंथ लिहिला त्यांत उन्हाळ्यांतील सर्व उद्योगांमध्यें मुलांच्या प्रगतीशीं सर्वांत निकटचा संबंध वाचनाचा दिसून आला. १९९६ सालीं हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३९ अभ्यासांची छाननी केली, तींत सुटीमध्यें मुलें सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकीं मागें पडतात असें निघालें, आणि वाचनांत हें नुकसान गरीब घरांतील मुलांच्या वांट्यास आलें. अलीकडे, २०१९ सालीं, पॉल फॉन हिपेल यांनीं जुन्या चाचण्यांच्या मोजणीवरच शंका घेतली आहे, तेव्हां आंकड्यांवर फार भार देतां येत नाहीं. पण ज्या घरांत पुस्तकें नाहींत तेथील मुलाला यादीनें निदान एक पुस्तक तरी दाखविलें, ही गोष्ट आंकड्यांवांचूनही समजते.

याच संबंधांत रिचर्ड ॲलिंग्टन व ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांचा २०१० सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. फ्लॉरिडांतील गरीब वस्तीच्या शाळांतील मुलांना त्यांनीं तीन वर्षें दर उन्हाळ्यास बारा बारा पुस्तकें दिलीं. पुस्तकें मुलांनीं स्वतः निवडलेलीं होतीं आणि तीं कायमचीं त्यांचींच झालीं. या मुलांचें वाचन, पुस्तकें न मिळालेल्या मुलांच्या मानानें, स्पष्टपणें सुधारलें. मुलें लहान होतीं, तेव्हां त्यांवरून सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांविषयीं सर्व कांहीं सिद्ध होत नाहीं. पण देणाऱ्यानें पुस्तक दिलें आणि हात मागें घेतला तरीही फळ आलें, एवढें त्यांतून दिसतें.

सक्तीचें आम्हांस इतकें भय नाहीं. कठीण ग्रंथ आपण होऊन उघडणारा मुलगा विरळा. कोणी तरी तो हातीं दिल्यावांचून पुष्कळांची त्याच्याशीं गांठ पडत नाहीं. आपल्या घरांतून चातुर्मासांत ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांचें वाचन होई, तेव्हां मुलांना बळेंच बसविलेलें असे. कांहीं पेंगत, कांहीं समईच्या ज्योतीकडे पाहात, आणि एखाद्याच्या कानांत श्रीधराची ओंवी कायमची घर करी. त्या व्यवस्थेची थोरवी गाण्याचा आमचा विचार नाहीं. पोथीजवळ बसण्याचा अधिकारच पुष्कळांना नव्हता. पण अध्याय संपल्यावर आजीनें कोणाला ‘या ओंवीनें तुला काय वाटलें तें सांग, नाहीं तर प्रसाद नाहीं’ असें म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. सक्ती बसण्याची होती. जें वाटावयाचें तें ज्याचें त्याच्यापाशीं राही. एरव्हीं ‘काय गं, काय आहे त्या पुस्तकांत?’ असें आजीनें विचारावें, आणि नातीनें अर्ध्या मराठींत, अर्ध्या इंग्रजींत गोष्ट सांगत सुटावें, यासारखा वाचनाचा दुसरा पुरावा नाहीं. पण असा पुरावा मागून मिळत नाहीं.

मग लेखन कोठें राहिलें? तें सप्टेंबरांत वर्गांत व्हावें. पुस्तकावर वाद व्हावा, कोणी तरी कोणाचें म्हणणें खोडून काढावें, आणि त्या झोंबाझोंबींतून ज्याला कांहीं म्हणावयाचें राहून गेलें त्यानें तें तेथेंच बसून लिहावें. शिक्षक म्हणतील, असें केलें तर निम्मी मुलें न वाचतांच येतील. येतील. विश्वास टाकणारा शिक्षक कधीं कधीं फसतो. पहारा ठेवणाराही फसतो, आणि तो फसत असतां मुलें फसविण्यांत तरबेज होतात. या दोहोंत पहिली फसवणूक आम्ही पत्करूं. आतां कांहीं शाळा निबंधासोबत, हें लेखन माझें स्वतःचें आहे, अशा प्रतिज्ञेवरही सही घेतात. ही तर पावतीची पावती झाली.

जो पुस्तक अर्धवट टाकून आला असेल त्याला, तें कोणत्या पानावर टाकलेंस, एवढेंच विचारावें. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ टाकणारा बहुधा तिसऱ्या प्रकरणाचें नांव सांगेल. तेथें कथा थांबते. एक कासव रस्ता ओलांडूं लागतें, एक मोटार त्याला चुकवून जाते, दुसरी त्याला मुद्दाम धक्का देते, आणि प्रकरण संपतें. गोष्ट सुरू होते न होते तोंच लेखकानें सारें प्रकरण एका कासवाला कां दिलें, असें त्या मुलानें कुरकुरत विचारलें, तर शिक्षकांनीं त्या दिवसाचें दुसरें काम बाजूस ठेवून सर्वांना तेंच प्रकरण पुन्हां उघडावयास सांगावें.