इंजिन सुरू झालं, पण कोणी केलं?

२४ डिसेंबर १८९३. डेट्रॉइटच्या बॅग्ली अव्हेन्यूवरच्या एका घरात नाताळच्या जेवणाची तयारी चालू होती. एडिसन कंपनीत नोकरीला असलेला हेन्री फोर्ड एका फळीवर बसवलेलं छोटं इंजिन घेऊन स्वयंपाकघरात आला आणि ती फळी त्यानं सिंकला आवळून टाकली. सिलिंडर गॅसच्या नळीच्या तुकड्यातून केलेला, फ्लायव्हील जुन्या लेथचं, ठिणगीसाठी वीज घरातल्या दिव्याच्या जोडणीतून घेतलेली. कार्ब्युरेटर नव्हताच. त्याची जागा पत्नी क्लारानं घेतली. हातातला स्वयंपाक बाजूला ठेवून ती इंजिनात पेट्रोल थेंबाथेंबानं सोडत राहिली. जेमतेम सात आठवड्यांचा एड्सेल जवळच झोपला होता. हेन्रीनं फ्लायव्हील फिरवलं, सिंक हादरलं, एग्झॉस्टमधून ज्वाळा निघाल्या आणि इंजिन आपलं आपण फिरू लागलं.

फोर्डनं पहिलं इंजिन सुरू केलं, अशी इतिहासात एका ओळीत नोंद होते. पण त्या स्वयंपाकघरात कर्ता खरंच एकटा होता का?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आहे. कोणतंही कर्म सिद्धीला जायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, नाना प्रकारच्या चेष्टा (हालचाली) आणि पाचवं दैव. असं असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही पुढे म्हटलं आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, करणं म्हणजे इंद्रियं, आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता. डोळा पाहतो तो सूर्याच्या आधारानं. म्हणजे इथलं दैव हे नशिबाचा खेळ नव्हे. माणसाच्या हातात नसलेली, पण त्याच्या प्रत्येक कृतीला टेकू देणारी शक्ती आहे. वेदान्ताचा रोख अर्थातच आत्मविचाराकडे आहे. तरीही ही पंचकारणं गॅरेजच्या फरशीवर जितकी उघडी दिसतात, तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असतील.

समजा, कोणी घरीच मारुती ८०० चं इंजिन उतरवून पहिल्यांदा बांधायला घेतलं आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. शिकायला याहून सोपं इंजिन मिळणं कठीण. ब्लॉक धुऊनपुसून टेबलावर ठेवला की अधिष्ठान झालं. करणं म्हणजे टॉर्क रेंच, फिलर गेज, रिंग कॉम्प्रेसर. खंडेनवमीला महाराष्ट्रात पान्ह्यांना आणि लेथला हळदकुंकू लागतं, त्यामागची कृतज्ञता इथे नीट कळते. मग चेष्टा: बेअरिंगला बोटानं ऑइल चोपडणं, रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ न देणं, पिस्टनवरचा बाण पुढच्या दिशेला ठेवणं, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, एकदम न आवळता टप्प्याटप्प्यानं आवळणं. टायमिंग बेल्ट चढवताना क्रँक आणि कॅमच्या पुलीवरच्या खुणा जुळायला हव्यात. एक दातासुद्धा इकडचा तिकडे झाला तर व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. म्हणून बेल्ट चढवल्यावर क्रँक हातानं पूर्ण दोन वेळा फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या. स्पार्क प्लग काढून ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारायचा, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं.

इथपर्यंत सगळं हातात असतं. प्लग लावून किल्ली फिरवली की त्यापुढचं नसतं. साधारण १४.७ भाग हवेत एक भाग पेट्रोल, या वजनी प्रमाणात मिसळलं की पेट्रोल हवेतल्या ऑक्सिजननिशी पुरतं जळतं. तापलेला वायू फुगतो आणि पिस्टन खाली ढकलतो. हा अग्नीचा स्वभाव बांधणाऱ्यानं घडवलेला नाही. त्यानं त्याला फक्त वाट करून दिली. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर संथ चालत असताना तिन्ही सिलिंडर मिळून मिनिटाला १३५० ठिणग्या कामाला येतात, आणि यातली एकही बांधणारा स्वतः पाडत नाही. पहिल्या धडधडीला मोठमोठ्या माणसांचे डोळे भरून येतात. त्या पाण्यात अभिमान असतोच, पण त्याहून अधिक असते ती आपल्या बोलावण्याला अग्नीनं ओ दिल्याची भावना.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाच कारणं मानली की जबाबदारी पाचांत वाटली जाते, आणि बिघडलं की दैवाकडे बोट दाखवायला माणूस मोकळा होतो. पण गीतेनं कर्त्याला यादीतून वगळलेलं नाही. सैल राहिलेली बेअरिंग कॅप कर्त्याच्याच खात्यावर पडते. इंजिन लागलं नाही तर ठिणगी येते का, पेट्रोल पोचतं का, कॉम्प्रेशन आहे का, टायमिंग जुळलंय का, हे क्रमानं पाहिल्याशिवाय दैवाचं नाव घेणं म्हणजे आळसाला धर्माचा अंगरखा चढवणं.

यशाच्या वेळी मात्र यादी उलट्या बाजूनं आखडते. मानहाइममध्ये १८७९ च्या शेवटच्या रात्री कार्ल बेंझचं दोन-स्ट्रोक इंजिन अखेर सुरू झालं, तेव्हा जेवणानंतर पुन्हा एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन पाहू, असा आग्रह धरणारी त्याची पत्नी बर्था शेजारी उभी होती. लग्नाआधी स्वतःच्या हुंड्याचे पैसे आगाऊ घेऊन तिनं कार्लच्या भागीदाराचा हिस्सा सोडवला होता. चार-स्ट्रोकच्या वाटेत ऑटो या इंजिनकर्त्याचं पेटंट आडवं आलं, म्हणून दोन-स्ट्रोक. म्हणजे अडथळासुद्धा एक कारण झाला. २९ जानेवारी १८८६ च्या मोटारीच्या पेटंटवर नाव एकट्या कार्लचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था दोन मुलांना बरोबर घेऊन बेंझची मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. वाटेत इंधनाची तुंबलेली नळी तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली आणि झिजणाऱ्या ब्रेकवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लला १९८४ मध्ये स्थान मिळालं, बर्थाला २०१६ मध्ये.