अनवसरातील सेवा

उत्सवात स्वयंसेवक म्हणून राबणारा गृहस्थ वेतन घेत नाही. तेवढ्यावरून त्याचे कर्म निष्काम ठरते काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु तो साधकाच्या अंतःकरणाची परीक्षा पाहणारा आहे.

रायपूर नगरीचे उदाहरण घ्यावे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसाचा या नगरीशी संबंध आहे. आषाढ शुद्ध द्वितीयेला तेथे जगन्नाथाची रथयात्रा निघते; छत्तीसगढी बोलीत या सणास ‘रजुतिया’ म्हणतात. ग्रीष्म सरत आलेला असतो, उकाडा मात्र सरलेला नसतो. अशा वेळी कोणी यात्रेकरूंना पाणी देतो, कोणी गर्दी आवरतो, कोणी पादत्राणे सांभाळतो, कोणी मोड आलेल्या मुगाचा ‘गजामूंग’ प्रसाद वाटतो. गायत्रीनगरातील मंदिरापुढे राज्यपाल व मुख्यमंत्री सोन्याच्या झाडूने मार्ग झाडतात. पुरीस गजपती महाराज रथ झाडतात, तीच ही परंपरा. भगवंतापुढे कोणतेही काम हलके नाही, हा तिचा बोध.

परंतु स्वतःच्या गावातील सेवेत एक सूक्ष्म संकट आहे. परक्या तीर्थक्षेत्री माणसास कोणी ओळखत नाही. तेथे सेवेचा मोबदला मिळण्याचा संभव कमी. आपल्या गावी मात्र शेजारी पाहतो, व्याही पाहतो, व्यासपीठावरून नाव पुकारले जाते. पैसा नाकारणारा हात मानाकडे नकळत पुढे होतो. सत्कारासाठी व मानासाठी केलेले तप राजस असून ते टिकत नाही, असे भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याचे नाव एके वर्षी घ्यावयाचे राहून गेले आणि जो पुढील वर्षी फिरकलाच नाही, त्याची सेवा कोणत्या कोटीतील होती हे निराळे सांगावयास नको.

मग खऱ्या सेवेचे स्वरूप कोणते? ते याच उत्सवात दडलेले आहे. ज्येष्ठ पौर्णिमेस, ऐन उन्हाळ्यात, पुरीस जगन्नाथास १०८ कलशांनी स्नान घालतात. त्या स्नानाने देव आजारी पडतात अशी श्रद्धा आहे. पुढील सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद असते. या काळास ‘अनवसर’ म्हणतात. रथाच्या दिवशी लाखो डोळे देवाकडे लागलेले असतात. परंतु या दिवसांत मोजके सेवकच बंद दाराआड रुग्ण देवाची शुश्रूषा करतात. तेथे जयघोष नाही, गर्दी नाही. त्या मूक सेवेनंतरच रथ निघतो.

प्रत्येक गृहस्थाच्या घरीही असा एक अनवसर असतो. अंथरुणाला खिळलेले वडील, दृष्टी मंदावलेली आई, आजारी भावजय. यांच्या सेवेस प्रेक्षक नसतात. जो रथमार्गावर हजारांना पाणी पाजतो आणि ज्याच्या वृद्ध पित्याच्या उशाचा तांब्या मात्र रिकामा राहतो, त्याने उत्सव साधला, पण धर्म गमावला. अठराव्या अध्यायानुसार नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस होय. तो देवकार्याच्या नावाने केला म्हणून सात्त्विक होत नाही.

येथे कोणी शंका घेतील : मग उत्सवातील सेवा सोडूनच द्यावी काय? नाही. लोकसंग्रहासाठी ज्ञानी पुरुषानेही कर्म करावे, असा तिसऱ्या अध्यायाचा उपदेश आहे. शिवाय मानाची इच्छा पूर्ण नष्ट होईपर्यंत थांबावयाचे म्हटले, तर तहानलेल्या यात्रेकरूस पाणी कोण देणार? त्याची तहान देणाऱ्याच्या चित्तशुद्धीची वाट पाहत नाही. म्हणून सेवा सोडू नये. सेवेतील ‘मी’ क्रमाक्रमाने सोडावा.

त्यास उपाय साधे आहेत. घरातील रुग्णाची व्यवस्था लावूनच बाहेर पडावे. दोराजवळची जागा दुसऱ्यास देऊन स्वतः पादत्राणांपाशी उभे राहावे. आणि रथ पुढे गेल्यावर मागे उरलेल्या उष्ट्या पत्रावळी उचलण्यास थांबावे. सोन्याचा झाडू वर्षातून एकदा, थोरांच्या हाती येतो. साधा खराटा दुसऱ्या दिवशी सकाळी कोणासही मिळू शकतो. त्या वेळी रस्त्यावर पाहणारा कोणी नसतो. ज्याच्यासाठी ते काम करावयाचे, तो मात्र पाहत असतो. आणि साधकास तेवढे पुरेसे वाटू लागले, म्हणजे त्याची सेवा निष्काम होऊ लागली असे समजावे.