रेशमी सोवळं

लंडनहून भाचीचा फोन येतो तो रविवारी, आमच्या वामकुक्षीच्या वेळेला. मागच्या रविवारी तिने सांगितलेली हकीकत ऐकून मी आधी हसलो, हे कबूल करतो.

ती तिथे मानवी हक्कांचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. तिच्याच मजल्यावर मूळची चेन्नईची एक सहकारी आहे, ती सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होती. एक दिवस जिन्यात संस्थेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी भाचीचे दोन्ही हात हातात घेतले. 'आलीस परत? बाळ कसं आहे?' भाचीचं अजून लग्नही झालेलं नाही. शिवाय ते सहाही महिने ती रोज त्याच बाईंपासून तीन टेबलं सोडून बसत होती. दोघींच्या उंचीत वीतभर फरक. एकीचे केस कमरेपर्यंत, दुसरीचे मानेवर कापलेले. सारखा म्हणावा तर कातडीचा रंग, आणि तोही फारसा नाही.

हसणं इथे थांबलं, कारण पुढची गोष्ट बैठकीतली आहे. वंशभेदाच्या प्रश्नावर संस्थेने आपल्याच घरात डोकावून पाहावं म्हणून एक अंतर्गत समिती नेमली होती. समितीत भाचीही होती. पहिल्याच बैठकीत इतिवृत्त कोण लिहिणार असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. 'तू किती नीटनेटकं लिहितेस!' समितीतल्या कोणी त्याआधी तिचं लिहिलेलं काही वाचलेलं नव्हतं. तिसऱ्या बैठकीत तिने जिन्यातला प्रसंग सांगितला. कोणाचं नाव घेतलं नाही, पण बाई समोरच होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, ट्रॅफल्गर चौकात दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर मी थंडीत रात्री काढल्या आहेत, पोलिसांनी मला उचलून नेलं आहे, आणि तू हे मला ऐकवतेस?

बाई खोटं बोलत नव्हत्या. त्या वकिलातीसमोर १९८६ च्या एप्रिलपासून १९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटेपर्यंत रात्रंदिवस अखंड धरणं चाललं होतं. त्यात बसणाऱ्यांपैकी कित्येकांना अटक झाली. बाईंच्या टेबलामागे त्या वेळचा बिल्ला चौकटीत लावलेला आहे, भाचीने पहिल्या आठवड्यात कौतुकाने त्याचा फोटो काढून मला पाठवला होता. ते धरणं खरं आणि जिन्यातलं बाळही खरं. पण बैठकीत झालं असं की पहिल्या खऱ्याने दुसऱ्याला गप्प केलं.

माझ्या आजीचं सोवळं मला आठवलं. रोजचं सुती सोवळं ती पहाटे ओलेत्याने पिळून, काठीने उंच दांडीवर टाकायची. ते रोज धुवायलाच हवं, नाहीतर बाद. रेशमी मुकट्याला मात्र ही दगदग नव्हती. रेशीम मुळातच शुद्ध, त्याला रोज पाणी दाखवायची गरज नाही असं शास्त्र. सणासुदीला आजी तो नेसायची आणि आम्हा पोरांना बजावायची, शिवू नका रे. आता विचार केला तर त्या मुकट्याला वर्षानुवर्षं घाम, धूर, फोडणी, सगळं लागलेलं असणार. पण मळलंय म्हणायची सोय नव्हती, आणि कोणी म्हटलं असतं तर विटाळ म्हणणाऱ्याचाच झाला असता.

न्यायासाठी झटणाऱ्या संस्थांचं सोवळं बहुधा रेशमी असतं. साबणाच्या कारखान्यात किंवा बँकेत रंगावरून, जातीवरून वागणूक बदलली तर तक्रार करणारा निदान तक्रारदार तरी ठरतो. इथे तो कामाचा वैरी ठरतो. 'देणगीदारांच्या कानावर गेलं तर?' 'विरोधकांना आयतं कोलीत मिळेल.' 'आपल्याच माणसांवर आरोप?' ही वाक्यं मी इतक्या तोंडांतून ऐकली आहेत की ती लिहिताना मला आवाजांसकट आठवतात.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराचं उदाहरण मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं. तिथे १९७१ मध्ये दोन गोऱ्या वकिलांनी सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर ही संस्था काढली. त्यांतले एक मॉरिस डीस. संस्थेचं काम साधंसुधं नव्हतं. १९८१ मध्ये मोबील शहरात मायकेल डोनाल्ड या १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी मारून झाडाला टांगलं. संस्थेने त्याच्या आईच्या, ब्यूला मे डोनाल्ड यांच्या बाजूने क्लॅनच्या त्या संघटनेवर दिवाणी दावा लावला, आणि १९८७ मध्ये ज्युरीने ७० लाख डॉलरची भरपाई ठरवली. एवढा पैसा संघटनेकडे कुठला? शेवटी तिच्या मुख्यालयाची इमारत या माउलीच्या नावावर झाली. मधल्या काळात, १९८३ मध्ये, क्लॅनच्या माणसांनी संस्थेचं कार्यालय जाळलं होतं. तरी माणसं हटली नाहीत. १९८९ मध्ये संस्थेच्या दाराशी नागरी हक्कांच्या लढ्यात बळी गेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. माया लिन यांनी केलेलं ते काळ्या ग्रॅनाइटचं वर्तुळाकार मेज, त्यावर कोरलेली नावं, आणि नावांवरून अखंड वाहणारा पाण्याचा पातळ पदर. येणारा माणूस पाण्यात हात घालून नावांवरून बोटं फिरवतो.

आता त्याच शहरातल्या 'मॉन्टगोमेरी अॅडव्हर्टायझर' या दैनिकाने १९९४ मध्ये छापलेली लेखमाला पाहा. बातमीदारांनी संस्था सोडून गेलेल्या १३ कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गाठलं. त्यांतल्या १२ जणांनी सांगितलं की संस्थेत वर्णावरून होणारा दुजाभाव आम्ही सोसला किंवा डोळ्यांनी पाहिला. संस्थेने आरोप फेटाळले. लेखमाला पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. देणग्या येत राहिल्या, पाणी वाहत राहिलं. २०१९ च्या मार्चमध्ये संस्थेने डीस यांना काढून टाकलं. नेमकं कारण उघड केलं नाही, पण त्याच सुमारास वीसेक कर्मचाऱ्यांनी वर्ण आणि लिंग यांवरून होणाऱ्या वागणुकीबद्दल व्यवस्थापनाला पत्र दिलेलं होतं. थोड्याच दिवसांत अध्यक्षही पायउतार झाले.

१९९४ ते २०१९. या पंचवीस वर्षांत तिथे टपाल फोडणारे, फोन घेणारे, पाकिटं भरणारे हात कोणत्या रंगाचे होते आणि काचेच्या खोल्यांत कोण बसत होतं, हे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. दाराशी पाण्याखालची नावंही दिसत होती. मला वाटतं, त्या नावांमुळेच आतलं दिसूनही दिसलं नाही. क्लॅनने आपलं कार्यालय जाळलं, मग आपण क्लॅनसारखे कसे असू? तर्क बिनतोड वाटतो. पण टपालखोलीतल्या एखाद्या बाईने क्लॅनशी तुलना केलीच नसेल. ती पगारवाढीबद्दल बोलत असेल.

हे एकट्या मॉन्टगोमेरीचं नाही. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या सुमारे हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांनी आपल्याच संस्थेतल्या वंशभेदावर जाहीर पत्र काढलं. पुढच्या वर्षी अॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा अंतर्गत अहवाल बाहेर आला. कृष्णवर्णीय सहकाऱ्यांच्या कुवतीवर विनाकारण शंका, आणि आफ्रिका-आशियाकडच्या कार्यालयांना धाडलेल्या ईमेलमधली दटावणीची भाषा, अशा गोष्टी त्यात होत्या. दोन्ही संस्था नोबेलवाल्या, एक १९९९ ची आणि दुसरी १९७७ ची. अॅम्नेस्टीने बाहेरच्या लोकांकडून चौकशी करवून घेतली, हे तिच्या खात्यावर जमा धरायला हवं. आपल्याकडच्या किती संस्थांनी जातीच्या बाबतीत हे केलं आहे?

आपला विषय निघालाच आहे तर १९३२ ला जायला हवं. पुणे करार झाला २४ सप्टेंबरला, येरवड्यात. लगेच ३० तारखेला मुंबईत सभा भरली आणि अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा सरचिटणीस. डॉ. आंबेडकर तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले होते. वाटेत बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात मोठमोठ्या तत्त्वांइतकीच एक व्यवहाराची गोष्टही होती: या कामाला माणसं नेमायची ती अस्पृश्य समाजातली नेमा, ज्यांना या कामाबद्दल आतडं आहे अशी नेमा. त्या पत्राचं पुढे काही झालं नाही. बाबासाहेब या कामातून बाजूला झाले. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, यावर गांधीजींची बाजू त्यांनी पुढे १९४५ च्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे, ती अशी: हा संघ म्हणजे सवर्ण हिंदूंचं प्रायश्चित्त आहे, पैसाही त्यांचाच आहे, म्हणून तो त्यांनीच चालवायचा.

मी विद्यार्थी असताना हा युक्तिवाद मला उदात्त वाटला होता. कर्ज ज्याने केलं त्याने फेडावं, यात वावगं काय? वय वाढल्यावर त्यातली मेख कळली. किती फेडायचं, कधी, कोणत्या नाण्यात, हे सगळं कर्जदारच ठरवणार आणि सावकाराला हिशेबाच्या वहीजवळ फिरकू देणार नाही, हे कसलं कर्ज? प्रायश्चित्त करणाऱ्याचा डोळा शेवटी स्वतःच्या शुद्धीवर असतो. मधेच कोणी येऊन 'अहो, तुमचा पाय माझ्या पायावर पडलाय' म्हणालं, तर त्याला ते विघ्न वाटतं.

भाचीने त्या दिवशी फोन ठेवण्याआधी सहज विचारलं, "मामा, तुमच्या संस्थेत इतिवृत्त कोण लिहायचं?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर असं आहे. पुण्यात ज्या संस्थेत मी अनेक वर्षं घातली, तिथे हिशेबाला एक तरुण मुलगी होती. एम.कॉम. झालेली, पर्वती पायथ्याच्या वस्तीत वाढलेली, तिच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिलीच. देणगीदार आले की मी तिला पुढे करायचो. 'यांना तुझी गोष्ट सांग.' ती सांगायची: वडिलांचं दारूपायी जाणं, आईची धुण्याभांड्याची कामं, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास. बाया डोळे पुसायच्या, पुरुष चेकबुक काढायचे. मग ती आपल्या टेबलाशी जायची आणि आकडे आम्ही समजावून सांगायचो. आम्ही म्हणजे कोण, ते आमच्या आडनावांवरून कळलं असतं. चौथ्या की पाचव्या वेळेला तिने दारातच मला थांबवलं. म्हणाली, "सर, आज ताळेबंद मी समजावून सांगते. गोष्ट तुम्ही सांगा."

मी हसलो. विनोद समजून हसलो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. मग म्हणालो, अगं, लोकांना ऐकायची असते ना, कामासाठीच आहे. ती आत गेली आणि तिने गोष्ट सांगितली, नेहमीपेक्षा थोडक्यात. आठ-दहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. निरोपाच्या कार्यक्रमात समतेवर भाषण मीच केलं. ते बरं झालं होतं असं लोक म्हणाले. ताळेबंद तिने केलेला होता, आणि तिच्यानंतरची तीन वर्षं आम्हाला तो वेळेवर जमला नाही.

हे सगळं मी भाचीला परवा फोन करून सांगितलं, आडवारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या बैठकीचं इतिवृत्त तिने लिहून पाठवलं आहे. नेहमीसारखं नीटनेटकं. विषय क्रमांक चारखाली जिना आहे, बाळ आहे, ट्रॅफल्गर चौक आहे, आणि 'यानंतर अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला' हेही आहे. विशेषण एकही नाही. एका सहकाऱ्याने तिला खाजगीत सुचवून पाहिलं, चार नंबर जरा आवरता येईल का. तिने त्याला कळवलं की दुरुस्ती असेल तर बैठकीत मांडावी, ती कोणी सुचवली तेही लिहून घेईन.

येत्या गुरुवारी ते मंजुरीला आहे.