कट्टीचा प्रामाणिकपणा

सात वर्षांच्या मुली तोंडावर ‘कट्टी’ म्हणतात, संध्याकाळी ‘बट्टी’ करतात. अकराव्या वर्षी शब्द सुटतो, अबोला उरतो. बनी पार्कमधल्या आमच्या गल्लीत मी पाहते: काही न सांगता एकीला खेळातून वगळतात, आणि ती आपलं काय चुकलं ते शोधत बसते. लिन मिकेल ब्राऊन आणि कॅरल गिलिगन यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलींवरच्या १९९२च्या पुस्तकात दाखवलं, की याच वयात मुली नातं टिकवण्यासाठी मनातलं बोलणं सोडू लागतात. आपणही ‘भांडू नका’ एवढंच शिकवतो. शिकवायला हवं ‘नीट भांडा’. ‘मला सोडून गेलात, वाईट वाटलं’ असं म्हणणं उद्धटपणा नव्हे. त्यात समोरचीला उत्तर देण्याचा हक्क मिळतो. तो हक्क नाकारणारी शांतता सभ्य दिसते, न्याय्य नसते.