दिल्या विद्येचा धनी

विद्या दिल्याने वाढते, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेले असते. ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण हेच वाक्य मी एकदा एका माणसाला ऐकवले, त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि पुढे जे घडले त्यात माझा वाटा किती, हा हिशेब वीस वर्षे उलटली तरी माझ्याच्याने पुरा झालेला नाही.

१९९९ साली मी पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात होतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या फौंड्रीत खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी बेळगावचा, त्यामुळे आमचे विशेष जमे. दोघेच असलो की आमची मराठी आपोआप गावाकडे वळे आणि दर चौथ्या शब्दाआड कानडी डोकावे. साच्याची वाळू मुठीत दाबायची, तो गोळा मोडून पाहायचा आणि म्हणायचे, "अजून हसी आहे की ओ." हसी म्हणजे कानडीत ओली, कच्ची. अण्णांच्या तोंडी त्या एका शब्दात वाळूतले पाणी, तिच्यातली माती आणि त्या दिवशीची हवा एवढे सगळे येई. प्रयोगशाळेचा साडेतीन टक्के की चार टक्के हा आकडा येईपर्यंत अण्णांचा निकाल लागलेला असे. वाळूत पाणी जास्त झाले की ओतलेल्या लोखंडात वाफेचे पोकळ फोड राहतात आणि अख्खा नग भंगारात जातो. पावसाळ्यात इतर पाळ्यांत असे नग बाहेर पडत; अण्णांच्या पाळीत क्वचित. त्यांच्या खिशात एक लांबोडकी वही असे. तीत तीस वर्षांचे असले अनुभव टिपलेले होते.

त्याच सुमारास मुख्य कचेरीने लोटस नोट्स आणले. आजच्या तरुणांना हे नाव ठाऊक नसेल. रे ओझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही प्रणाली १९८९ मध्ये बाजारात आली, आणि प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनिसांच्या जगड्व्याळ पेढीने त्याच वर्षी तिच्या १०,००० प्रती घेतल्या. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनीच विकत घेतली. पुढे २०१९ मध्ये ही प्रणाली एचसीएल या भारतीय कंपनीकडे आली. मूळ कल्पना सुंदर होती. एका कारखान्यातल्या माणसाला जे उमगले ते दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाला त्याच दिवशी वाचता यावे. कुणाचे शहाणपण कुणाच्या खणात कुलूपबंद राहू नये. मी हरखून गेलो होतो. आमच्या विभागाची नोंदणी माझ्याकडेच आली.

नोंदीचा नमुना ठरलेला होता. दोष, कारण, उपाय अशा चौकटी. भाषा इंग्रजी. अण्णा काही तयार होईनात. "हे लिहून कसं कळतंय ओ? वाळू हातात घेतल्याबिगर?" असे म्हणून ते टाळत. हे निमित्त होते, हे मला तेव्हाही कळत होते. खरी भीती ते बोलून दाखवत नव्हते, आणि मी ती विचारली नाही. मी त्यांना समर्थांची शिकवण सांगितली, शाळेतला सुविचार सांगितला, आणि ते एकदाचे कबूल झाले. दोन महिने पाळी सुटल्यावर ते सांगत आणि मी टंकत असे. 'हसी' या शब्दासाठी मला चौकट सापडेना. शेवटी मी तिथे टक्के लिहिले. प्रत्येक नोंदीखाली प्रणाली आपोआप नोंदकाचे नाव घाली, आणि संगणकावर प्रवेश माझ्या नावाने असल्यामुळे ते नाव माझे पडे. वर्षअखेरीस सर्वाधिक नोंदींबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. मी ते घेतले.

२००१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ती किती स्वेच्छेची होती हे त्या काळी कारखान्यात असलेल्यांना सांगायला नको. यादी करण्याच्या बैठकीत मी हजर होतो. अण्णांच्या नावाशी जरा थबकल्यासारखे झाले. मग एक अधिकारी म्हणाले, "त्यांचं सगळं सिस्टीममध्ये आलंय ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हो, आलंय." ते उत्तर खोटे होते, कारण हसी आली नव्हती. आणि खरे असते तरी त्या जागी ते देण्यासारखे नव्हते.

पुष्कळ पुढे, सवड मिळाल्यावर, या विषयावर कुणी काय विचार केला आहे ते मी वाचू लागलो. जोनाथन ग्रुडिन या अभ्यासकाने १९८८ मध्येच एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. सामायिक कामासाठीच्या अशा प्रणाली फसतात, कारण राबणारा एक आणि लाभ होणारा दुसरा. त्याचे उदाहरण संगणकावरच्या रोजनिशीचे आहे: बैठक बोलावणाऱ्या साहेबाची सोय व्हावी म्हणून हाताखालच्यांनी आपापली रोजनिशी भरत बसायचे. १९९२ मध्ये वांडा ऑर्लिकोव्स्की या विदुषीने एका मोठ्या सल्लागार पेढीत नोट्स कसे रुजते ते पाहिले. तिथे बढतीसाठी एकमेकांशी चुरस, आणि ही प्रणाली शिकण्यात गेलेला वेळ कुठल्या गिऱ्हाइकाच्या खाती टाकायचा तेही कुणाला कळत नव्हते. मग आपले ज्ञान चव्हाट्यावर कोण मांडणार? ज्यांचे आसन वर स्थिर होते त्यांनाच वाटून घेण्याची कल्पना सुखाची वाटत होती. हे वाचताना मला आमची बैठक आठवली. औदार्याचा उपदेश नेहमी पक्क्या खुर्चीतून होतो; माझीही खुर्ची तेव्हा पक्की होती.

आपल्या भागात गाण्याची आवड घरोघर, म्हणून दुसरे उदाहरण देतो. पंडित भातखंडे गावोगाव हिंडून घराण्यांतल्या चिजा गोळा करत होते, तेव्हा अनेक गवय्यांनी त्या द्यायला नकार दिला. त्यांना आपण कोत्या मनाचे म्हणत आलो. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग हाती असताना तसे म्हणणे सोपे आहे, आणि भातखंड्यांचे ऋण मी कमी लेखत नाही. पण ज्या घराचे पोट त्या चिजेवर चालत होते, त्याला ती लोकांच्या हाती देताना बदल्यात काय मिळणार होते? शागीर्द चीज घेई तो गंडा बांधून घेई. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावी, त्याच्या म्हातारपणी त्याला सांभाळी. त्या देण्यात घेणाऱ्यावर काही बंधन होते. कंपनी घेते तेव्हा तिच्यावर कुठले बंधन येते?

म्हणून मला वाटते, ज्ञान राखून ठेवणाऱ्याला आपण फार घाईने स्वार्थी ठरवतो. अर्थात औषध ठाऊक असून रोग्याला न सांगणारा पापीच. भट्टीत धोका दिसत असताना गप्प बसणाराही तसाच. पण सांगितल्यामुळे सांगणाराच अनावश्यक होणार असेल, तर आधी मागणाऱ्याने आपला शब्द द्यायला हवा. अण्णांकडे मागताना मी कंपनीचा शब्द घेतला नव्हता. तो माझ्या हातात नव्हता, हे खरे. पण माझ्या हातात नाही, हे तरी मी त्यांना सांगू शकलो असतो.

माझी भाची बंगळूरला एका बड्या कंपनीत आहे. तिथे आता टीम्स आहे. तिला मी हे सांगितले तर ती हसली. "मामा, आमच्याकडे कुणी वही मागतच नाही. बोलतो तेच साठत जातं." २०२० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या एका सोयीवर बरीच टीका झाली होती, कोणता कर्मचारी किती संदेश पाठवतो, किती बैठकांना बसतो, हे तीत नावानिशी दिसे. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी कंपनीने नावे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. मला त्यात एवढेच दिसले, की अण्णांना निदान दोन महिने नाही म्हणता आले. भाचीला नाही म्हणायची जागाच नाही.

अण्णा निघताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. पुष्कळ वर्षांनी ती चाळताना लक्षात आले, की शेवटची वीसेक पाने कानडी लिपीत आहेत. मी कानडी बोलतो, पण शिकलो मराठी शाळेत. ती लिपी मला वाचता येत नाही. मला एकदम आनंद झाला. वाटले, अण्णांनी खरी विद्या इथे राखून ठेवली होती, आम्ही त्यांना पुरते लुटले नव्हते. पुढच्याच रविवारी वही घेऊन खानापूरला गेलो. अण्णा उद्यमबागेतल्या एका लहान फौंड्रीत काही वर्षे पोरांना शिकवून आता घरीच होते. माझ्या नावाने पडलेल्या नोंदींचेही त्या दिवशी सांगून टाकायचे ठरवले होते. त्यांनी चष्मा लावला, पाने उलटली आणि हसू लागले.

"अहो साहेब, ही घर बांधतानाची उधारी की ओ. विटा, चुना, सुताराची मजुरी. तुम्हाला द्यायचं ते सगळं दिलं होतं मी."

मग त्यांनी आत वळून चहा टाकायला सांगितले.