भोग, लज्जा आणि अभ्यास

देहाला होणाऱ्या दुःखापैकी किती दुःख प्रारब्धाच्या खाती मांडावे आणि किती मनुष्याच्या प्रयत्नाच्या खाती, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनाइतकाच पुरातन आहे; परंतु ज्या एका दुःखाच्या बाबतीत तो अगत्याने विचारला जावयास हवा होता, त्याच्या बाबतीत तो आपल्याकडे क्वचितच उच्चारला गेला. ते दुःख स्त्रीच्या ओटीपोटाच्या तळाचे आहे. खोकला आला की लघवी सुटणे, जड उचलले की खाली ओढ लागणे आणि अखेरीस ‘अंग बाहेर येणे’, ही त्याची लक्षणे आपल्या आजीला, आईला आणि बहिणीला ठाऊक असतात, आणि तरीही ती घराच्या ओसरीपर्यंत कधी पोहोचत नाहीत. बाईचा जन्म आहे, भोग आहे, सोसला पाहिजे, एवढ्यावर तो विषय संपतो. हा निवाडा धर्माला आणि विवेकाला धरून आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार हवेत करता येत नाही. त्याला भूमी लागते, आणि बीड जिल्ह्यातील केज तालुक्याइतकी बोलकी भूमी दुसरी सापडणे कठीण आहे. मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण याच तालुक्यात असले, तरी कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्यांचे वर्ष निभत नाही अशी असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घरादाराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याला विसावा नसतो, आणि एक दिवसाचा खाडा पडला तरी त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पहाटेच्या अंधारात फडात उतरून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहणे, आणि परत आल्यावर कोपीतील चूल, पाणी व लेकरे सांभाळणे, असा जिचा दिनक्रम गरोदरपणात सुटत नाही आणि बाळंतपणानंतरही फार काळ थांबत नाही, तिच्या देहाच्या तळावर काय भार पडत असेल याची कल्पना शरीरशास्त्र न जाणणाऱ्यालाही करता येईल.

शरीरशास्त्र त्याविषयी जे सांगते ते तसे सरळ आहे. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत काही स्नायू असे ताणलेले असतात की त्यांच्यावर मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय ही तिन्ही इंद्रिये विसावतात. फडाच्या कडेला झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी जसे मूल तोलून धरते, तसा हा श्रोणितल त्यांना तोलून धरतो, आणि खोकताना, शिंकताना वा भार उचलताना आपोआप आवळून मूत्रमार्ग मिटून घेतो. लागोपाठची बाळंतपणे, अवघड प्रसूती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठामुळे कुंथण्याची सवय, वर्षानुवर्षांची ओझी आणि पाळी गेल्यानंतर ऊतींना येणारी क्षीणता, या कारणांनी तो सैल पडतो. अर्थात ज्याला आपण भोग म्हणतो, त्याचा बराचसा भाग म्हणजे थकलेला, ताणला गेलेला, कधी जखमी झालेला आणि ज्याची कधी कोणी विचारपूस केली नाही असा एक स्नायुसमूह आहे.

या व्यथेला समाजाने आजवर दोन उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर सोसण्याचे. ते किती खोलवर रुजले आहे याचा दाखला गडचिरोलीहून मिळतो : राणी बंग व अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि तशी तपासणी त्यापूर्वी कधी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. दुसरे उत्तर काढून टाकण्याचे, आणि ते बीड जिल्ह्याच्या वाट्याला आले. जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची ‘पिशवी’ काढलेली असल्याची नोंद झाली. या शस्त्रक्रियांमागे नाना तक्रारी होत्या : कोणाच्या अंगावरून पांढरे जात होते, कोणाला अतिरक्तस्राव होता, कोणाचे ओटीपोट दुखत होते, तर कोणाला कर्करोगाची भीती घातली गेली होती आणि कोणाला पाळीमुळे पडणारा खाडा परवडत नव्हता. काही थोड्या जणींना ती शस्त्रक्रिया खरोखर आवश्यकही असेल. परंतु एक गोष्ट निश्चित आहे की, गर्भाशय काढल्याने त्याखालचा आधार बळकट होत नाही. तळ जसा दुबळा होता तसाच राहतो, आणि त्यावर पुन्हा तीच मोळी चढते.

सोसणे आणि कापून टाकणे या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, आणि तो अभ्यासाचा आहे. आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली असे प्रतिपादन केले की, प्रसूतीनंतर सैलावलेले हे स्नायू हातापायांच्या स्नायूंप्रमाणेच नियमित व्यायामाने पुन्हा सशक्त करता येतात; त्यानंतरच्या काळात भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, एक स्वतंत्र शाखाच या विषयावर उभी राहिली. या उपचाराची रीत बाहेरून पाहता अगदी साधी आहे. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरावा त्याप्रमाणे आतला तळ वर उचलून घ्यावयाचा, श्वास न कोंडता आणि मांड्या वा नितंब न आवळता काही क्षण तसाच धरावयाचा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावयाचा. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ओझे उचलण्यापूर्वी व खोकण्यापूर्वी तो आवळून घेण्याची सवय लावावयाची, लघवीच्या वेळा हळूहळू लांबवावयाच्या, बद्धकोष्ठ घालवावयाचा. तथापि नुसते ऐकून हे साधेलच असे नाही, कारण पुष्कळ स्त्रिया तळ वर उचलण्याऐवजी नकळत खाली ढकलतात. म्हणून जाणत्या उपचारिकेने तपासून, हाताने वा यंत्राने खात्री करून तो शिकविणे इष्ट असते. खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांचा जो एकत्र आढावा २०१८ साली कॉक्रेन या संस्थेच्या वतीने प्रसिद्ध झाला, त्यात हा अभ्यास करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले, तर अभ्यास न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट मांडल्या पाहिजेत, कारण आशेच्या नावाखाली खोटे सांगणे हेही पापच आहे. अंग थोडेसे उतरले असेल तर अभ्यासाने त्रास कमी होतो. ते पूर्ण बाहेर आले असेल तर आधाराची कडी बसवावी लागते किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. काहींचे स्नायू सैल नसून सतत आवळलेले असतात, त्यांना बळकटीचा व्यायाम अपाय करतो आणि त्यांनी श्वासाबरोबर ते सोडावयास शिकणे हाच उपचार ठरतो. रक्तस्राव, ताप वा गाठ असेल तर आधी डॉक्टरची तपासणी, मग बाकी सर्व.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिला आक्षेप वैराग्याचा असू शकेल : देह नश्वर आहे, मग त्याच्या अशा गुह्य भागाची इतकी चिंता मुमुक्षूने कशाला वाहावी? याचे उत्तर केजच्या शेजारीच, अंबाजोगाईत आहे. परंपरेने शके १११० मध्ये रचलेला मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ लिहिणारे मुकुंदराज तेथेच समाधिस्थ आहेत, आणि पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो याचे विवरण भल्या लांब वस्त्रावर लिहून ठेवणारे ‘पासोडी’कार दासोपंतही तेथलेच. आत्मा देहाहून निराळा आहे हे ज्यांना दाखवावयाचे होते, त्यांनीही आधी देहाची मोजदाद केली, आणि त्या मोजदादीतून एकही इंद्रिय वगळले नाही. वेदान्ताच्या पंचीकरणात वाणी, हात आणि पाय यांच्या ओळीतच पायु व उपस्थ यांना स्थान आहे, आणि उपस्थाची अधिष्ठात्री देवता साक्षात् प्रजापती मानलेली आहे. इतकेच नव्हे, तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे जे वर्णन आले आहे, त्याचा आरंभ मूलबंधापासून, म्हणजे देहाच्या याच तळापासून होतो. योग्याचे प्रयोजन निराळे आणि रुग्णेचे निराळे. योगग्रंथांत आधुनिक वैद्यक शोधू पाहणे मला उचित वाटत नाही. परंतु साधकाने जे स्थान मोक्षमार्गाचे पहिले पाऊल मानले, तेच स्थान कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत उच्चारण्यासही अयोग्य ठरावे, हे कोणत्या शास्त्राला धरून आहे?

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. त्याला उत्तर गीतेच्याच सहाव्या अध्यायात आहे. मनासारखी चंचल वस्तू आवरणे अशक्य आहे, अशी अर्जुनाने कैफियत मांडली, तेव्हा भगवंतांनी त्याला सोसावयास सांगितले नाही. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. मन जर अभ्यासाने वळते, तर स्नायू का वळू नये? शिवाय प्रारब्ध मानणारा मनुष्यही साप चावला असता औषधोपचार करतो. म्हणजे प्रारब्ध कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो हे तो आपल्या सोयीने ठरवीत असतो, आणि ही सोय बहुतेक वेळा स्त्रीच्या बाबतीत प्रारब्धाकडे झुकते.

तिसरा आक्षेप लज्जेचा, आणि तो सर्वांत बलवत्तर आहे. लज्जा हा सद्गुण आहे याविषयी वाद नाही. देहाची प्रतिष्ठा राखणे हे तिचे कार्य. परंतु जेव्हा ती दुखणे सांगू देत नाही, तपासू देत नाही आणि उपाय शिकू देत नाही, तेव्हा ती देहाची प्रतिष्ठा राखीत नसून त्याची हानी करीत असते. महाराष्ट्राच्या धर्मविचाराला हे उमगले नव्हते असे नाही. चक्रधरस्वामींनी स्त्रीचा ऋतुस्राव नाक, डोळे व कान यांतून येणाऱ्या मळाच्या पंक्तीला बसवून त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही असे समजावले, आणि चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी, ज्या विटाळातूनच प्रत्येक देह उपजतो त्यातून मुक्त कोण, असा सवाल थेट विठ्ठलापुढे ठेवला. ज्या भूमीत हे सातशे वर्षांपूर्वी बोलले गेले, तेथे आपल्या सुनेला ‘तुला काही त्रास होतो काय’ एवढे विचारण्यास सासूची जीभ आज अडखळावी, ही परंपरेची जपणूक म्हणता येणार नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अभ्यासाचा हा उपदेश कष्टकरी स्त्रीच्या माथी आणखी एक कर्तव्य म्हणून मारला गेला, तर तोही अन्यायच होईल. दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाळंतिणीला व्यायाम सांगावयाचा आणि विश्रांती द्यावयाची नाही, शौचालय नसल्यामुळे तासन्‌तास लघवी दाबून धरणाऱ्या स्त्रीला लघवीच्या वेळा शिकवावयाच्या, हे धर्माचे सोंग होईल. २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खासगी रुग्णालयात गर्भाशय काढू नये अशी ताकीद बीड जिल्ह्यात दिली गेली, हे योग्यच झाले. परंतु निषेधाचा हुकूम निघाला की उपायाची तजवीजही झाली पाहिजे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हा विषय जाणणारी उपचारिका असावी, आशाताईंना त्याचे शिक्षण मिळावे, टोळी निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर प्रत्येक स्त्रीची आपुलकीने विचारपूस व्हावी, प्रसूतीनंतरची सुट्टी उचलीच्या हिशेबात खाडा म्हणून धरली जाऊ नये आणि कारखान्याच्या तळावर शौचालय व पाणी असावे, या मागण्या दयेच्या नाहीत, हक्काच्या आहेत.

आणि यात धर्मोपदेशकांचाही वाटा आहे. केजच्या परिसरात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात आणि कीर्तनकारांचे शब्द स्त्रिया ज्या श्रद्धेने ऐकतात तितक्या श्रद्धेने त्या दुसऱ्या कोणाचेही ऐकत नाहीत. भोग चुकत नाहीत असे त्या व्यासपीठावरून सांगितले जाते. त्याच व्यासपीठावरून हेही सांगितले जावे की, ज्या दुःखाला उपाय आहे त्याला भोग म्हणण्याचा अधिकार उपाय करून पाहिल्यावाचून कोणालाही प्राप्त होत नाही, आणि तो उपाय स्त्रीपर्यंत पोहोचविणे हे तिच्या घराचे, गावाचे आणि सरकारचे धर्मकार्य आहे.