हात कोणी उचलला?

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४.

कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान म्हणजे शरीर, मग कर्ता, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाल, प्रयत्न, आणि पाचवं दैव. श्लोक अनेकदा वाचलाय, पण 'चेष्टा' या शब्दावर कधी थांबलो नव्हतो. थांबलो ते बाबांमुळे.

स्ट्रोकनंतर बाबांचा उजवा हात जवळजवळ गेला. रिहॅब सेंटरमध्ये तो एका रोबोटिक यंत्रात बांधतात. समोर स्क्रीनवर ठिपका दिसतो, हातातलं हँडल तिथपर्यंत न्यायचं. पहिल्याच दिवशी मी फिजिओंना विचारलं, "मोटर आहे ना? मग तीच सरळ हात का नेत नाही?" त्या हसल्या. "मग व्यायाम यंत्राचा होईल, बाबांचा नाही."

घरी येऊन वाचत बसलो. या प्रकारचं सुरुवातीचं प्रसिद्ध यंत्र म्हणजे एमआयटी-मॅनस. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी अमेरिकेत १९९०च्या दशकात ते पुढे आणलं. तत्त्व साधं आहे. रुग्णाचा हात निघाला की यंत्र वाटेत येत नाही, अडला तरच हलका आधार देतं. जमू लागलं की आधारही कमी करतं. कारण यंत्रच सगळं करतंय म्हटल्यावर शरीर आपला जोर काढून घेतं. हात हलतो, पण मेंदू फारसं शिकत नाही.

हे वाचलं आणि मला माझंच वागणं दिसलं. घरी मी काय करतो? भात कालवून भरवतो. शर्टाची बटणं लावतो. बाबांनी ग्लासकडे हात नेला की त्याआधी माझा पोहोचतो. मी याला सेवा म्हणत होतो. खरं सांगायचं तर त्यांची धडपड मला बघवत नव्हती, आणि ऑफिसची घाई होती. त्यांच्या कर्मातलं चौथं कारण मी प्रेमाने काढून घेत होतो.

मग मदत करूच नये का? तसंही नाही. जो हात उचलतच नाही, त्याला "प्रयत्न करा" म्हणून बाजूला बसणं हा निष्ठुरपणा आहे, आणि त्याला गीतेचा आधार देणं तर त्याहून वाईट. मदत हवी, पण जेवढी कमी पडते तेवढीच. यंत्र हे मोजून करतं. आपल्याला ते रोज नव्याने ओळखावं लागतं, कधी चुकतंही.

आणखी एक गोष्ट वाचली आणि त्या रात्री झोप लागली नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. हेच यंत्र वापरलं होतं. नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोटमुळे हाताचा वापर जास्त सुधारला, असं काही दिसलं नाही. सेशनचे पैसे भरताना मी जणू फळच विकत घेतलं होतं! पण श्लोक पुन्हा वाचा. करण हे पाचातलं एकच. त्यानंतर दोनच श्लोकांनी भगवंत सांगतात, जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याला खरं दिसत नाही. यंत्र एकटं कर्ता नाही, बाबा नाहीत, आणि मी तर नाहीच.

काल रात्री बाबांनी उजव्या हाताने चमचा उचलला. वरणभात तोंडापर्यंत जायला किती वेळ लागला! अर्धा शर्टावर सांडला. मी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसलो होतो. घास गिळून बाबा म्हणाले, "मीठ कमी आहे." आई हसता हसता रडायला लागली.

आज स्वतःला एकच प्रश्न विचारूया. ज्यांच्यावर माझं प्रेम आहे, त्यांच्या वाटची चेष्टा मी तर करत नाही ना?

श्रीकृष्णार्पणमस्तु 🙏